देवळालीची तोफ, गोदेचा पूर

पावसाळा सरला, आकाश निवळलं की देवळाली कॅम्पाच्या मागच्या माळावर तोफांचा सराव जोर धरतो. भगूर, लहवित, नाशिकरोडकडच्या घरांत खिडक्यांची तावदानं थरथरतात, फडताळातली भांडी किणकिणतात. बाहेरगावचा पाहुणा दचकतो. आपण हातातलं काम न थांबवता सांगतो, ‘काही नाही, रेंजवर फायरिंग चाललंय.’

आमच्या गल्लीत तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. तोफ म्हणजे नेम धरायचा आणि गोळा डागायचा, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. त्यांनी एका संध्याकाळी ओट्यावर बसून ती दुरुस्त केली. लक्ष्याचं अंतर माहीत असून भागत नाही. हवा किती तापलेली आहे, दाब किती, जमिनीलगत वारा कुठला आणि वर दोन-चार किलोमीटरवर कुठला, हे सगळं आधी मोजावं लागतं. तोफेत भरायच्या दारूचंसुद्धा तापमान घ्यावं लागतं. उन्हात तापलेली दारू जोरात जळते आणि गोळा पुढे जाऊन पडतो. गारठलेली दारू मंद जळते, गोळा अलीकडेच पडतो. डोंगरावर हवा विरळ, तिथे सगळाच हिशेब वेगळा. 1999 साली कारगिलमध्ये आपल्या बोफोर्स तोफांना हा हिशेब नव्याने मांडावा लागला होता.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. हवेचा एकेक अंश मोजल्याशिवाय गोळा न डागणारं सैन्य आपल्याकडे आहे, आणि त्याचं तोफखाना विद्यालय आपल्याच देवळालीत आहे. पण ही मोजणी पुढच्या तासाची असते. पुढच्या तीस वर्षांची हवा मोजून छावणी कुठे बांधायची, दारूगोळा कुठे ठेवायचा, धावपट्टी किती लांबीची करायची, कुठल्या कामाला जवान पाठवायचे आणि कुठल्या कामाला पाठवायचे नाहीत, हे ठरवण्याची पद्धत अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. मला या लेखात त्याबद्दल बोलायचं आहे. आणि त्यातला अर्धा भाग सैन्याने करायचा नसून आपण नाशिककरांनी, आपल्या महापालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने करायचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

उन्हाने फौज हैराण होते, हे देवळालीइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक असणार? 1861 साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरी संपवून मायदेशी निघालेले गोरे शिपाई बोटीची वाट बघत इथे थांबायचे. बोटी हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटायच्या. हंगाम हुकला की पुढचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. काम नाही, उकाडा, हिवताप, दारू. कित्येकांची डोकी फिरली. इंग्रजीत आजही डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात, ते आपल्या देवळालीवरून. त्या शब्दाला पूर्वी ‘टॅप’ अशी जोड असायची आणि तो आपला ‘ताप’च. एका परक्या फौजेने आमच्या गावाचं नाव उन्हाच्या वेडाला देऊन टाकलं. त्या काळी देवळाली थंड हवेची जागा म्हणून नावाजलेली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता ऊन त्याहून पुढे गेलं आहे. भारतीय हवामान खात्याच्या 1901 पासूनच्या नोंदींमध्ये 2024 हे देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जवानाच्या अंगावर चिलखती जाकीट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर ओझं. घाम वाळला तर शरीर थंड होतं. जाकिटाखाली घाम वाळतच नाही, आणि हवा दमट असेल तर उघड्या अंगावरही वाळत नाही. मग राजस्थानच्या रेतीत किंवा बंगालच्या सीमेवर दुपारी दोन वाजता गस्त घालायची कशी? सरावाच्या वेळा पहाटेवर आणणं, पाण्याचं आणि विश्रांतीचं प्रमाण तापमानाला बांधणं, उष्माघाताची पहिली खूण प्रत्येक हवालदाराला ओळखता येणं, ही कामं दिसायला साधी आहेत. रणगाडा घेताना जशी चर्चा होते तशी त्यांच्यावर होत नाही. पण माणूस कोसळला तर रणगाडा चालवणार कोण?

आणि ऊन हा या प्रश्नातला सौम्य भाग आहे. पाणी फार क्रूर आहे.

सप्टेंबर 2014 मध्ये झेलमला पूर आला तेव्हा श्रीनगरची बदामीबाग छावणीच पाण्यात गेली. ज्यांनी शहराला वाचवायला धावायचं, त्यांचीच कुटुंबं घरांच्या छपरांवर अडकली होती. तरीही त्या मोहिमेत सैन्याने आणि आपत्ती प्रतिसाद दलाने मिळून दोन लाखांहून जास्त लोक बाहेर काढले. पुढच्याच महिन्यात, 12 ऑक्टोबरला, हुदहुद चक्रीवादळ थेट विशाखापट्टणमवर येऊन आदळलं. तिथे पूर्व नौदल कमांडचं मुख्यालय आहे. आयएनएस डेगा या नौदलाच्या विमानतळाची वादळाने वाताहत केली. वादळानंतर मदत पोहोचवायला विमानतळच लागतो, आणि त्याचीच अशी अवस्था.

सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारी घटना सिक्कीमची आहे. 3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री उत्तर सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटलं. हिमनदी मागे हटत जाते तसं तिच्या पुढ्यात वितळलेलं पाणी साठतं आणि दगडगोट्यांच्या कच्च्या बांधामागे तळं वाढत जातं. शास्त्रज्ञ या तळ्याकडे अनेक वर्षं बोट दाखवत होते. ते फुटलं, तिस्तेला लोंढा आला, चुंगथांगचं 1200 मेगावॉटचं धरण वाहून गेलं. खाली सिंगताममजवळ बारदांगला लष्कराची वाहनं उभी होती. ती गाळात गाडली गेली. 23 जवान बेपत्ता झाले, त्यांतला एक जिवंत सापडला.

पण तेवढ्यावर भागलं नाही. लोंढ्याबरोबर लष्कराचा दारूगोळाही वाहून गेला. तिस्तेच्या काठाने तो थेट पश्चिम बंगालच्या मैदानात उतरला. जलपायगुडी जिल्ह्यात लोकांनी नदीकाठी सापडलेला गोळा उचलून घरी आणला, तो फुटला आणि माणसं गेली. शत्रूसाठी बनवलेला गोळा आपल्याच गरिबाच्या अंगणात फुटला. हे मी देवळालीजवळ बसून लिहितो आहे म्हणून जास्त लागतं. दारूगोळ्याचं कोठार आगीपासून किती लांब हवं याचे नियम फार पूर्वीपासून आहेत. पुराच्या रेषेपासून किती उंच हवं, तळ्याच्या खालच्या अंगाला गाड्या रात्री कुठे लावायच्या, यालाही तितकेच कडक नियम हवेत.

5 ऑगस्ट 2025 ला उत्तरकाशीत धराली गावावर डोंगरातून राडा उतरला. जवळच हर्सिलला लष्कराची छावणी आहे. तिलाही तडाखा बसला आणि तिथले जवान बेपत्ता झाले. आपलेच सोबती सापडत नसताना बाकीचे जवान धरालीत ढिगारा उपसत होते. हे वाचताना छाती भरून येते. पण धोरण आखणाऱ्याने छाती भरून येण्यावर थांबून चालत नाही. नदीच्या वळणावरची, नाल्याच्या मुखाशी असलेली, बर्फाच्या उताराखालची किती ठाणी आपल्याकडे आहेत आणि त्यांतली कोणती हलवता येतील, हा हिशेब ठाण्याठाण्याने व्हायला हवा.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. घडलेल्या प्रत्येक दुर्घटनेचं बिल हवामान बदलाच्या नावावर फाडणं बरोबर नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनच्या सोनम ठाण्यावर बर्फाचा कडा कोसळून 10 जवान गाडले गेले. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण पुढे दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. साडेएकोणीस हजार फुटांवर कडे कोसळतात, ते पूर्वीही कोसळत होते. धरणं, रस्ते, बोगदे यांसाठी डोंगर पोखरले जातात, त्याचाही वाटा असतो. पण हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगाने वितळल्या, हे काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतीय विकास केंद्राने 2023 मध्ये मांडलं आहे. म्हणजे जुन्या अनुभवावर नकाशा आखणारा अधिकारी कितीही अनुभवी असला तरी त्याचा अनुभव ज्या डोंगराचा आहे, तो डोंगर आता तसा राहिलेला नाही.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मनापासून घेतला जातो. सैन्याचं काम लढणं आहे. पर्यावरणाचे विषय त्याच्या डोक्यावर लादले तर मूळ कामावरचं लक्ष उडेल. अमेरिकेत तर हा आक्षेपच आज सरकारी धोरण झाला आहे. 2022 साली अमेरिकी लष्कराने हवामानविषयक स्वतंत्र धोरण जाहीर केलं होतं, 2035 पर्यंत प्रत्येक तळावर स्वतःचं वीज-सूक्ष्मग्रिड, म्हणजे तळापुरती वीज तयार करून पुरवणारी छोटी यंत्रणा, उभारायचं ठरवलं होतं. 2025 मध्ये तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी हे आपल्या खात्याचं कामच नाही असं सांगून टाकलं.

मला हा आक्षेप पटत नाही, आणि तो न पटण्याचं कारण सुभेदारसाहेबांच्या त्या ओट्यावरच्या शिकवणीत आहे. हवा हा तोफेच्या कामाबाहेरचा विषय कधीच नव्हता. विमानाच्या तर नाहीच नाही. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आणि पात्यांना तिचा आधार कमी मिळतो. नाशिकच्या गांधीनगर विमानतळावर लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. तिथल्या कुणालाही विचारा, मे महिन्याच्या दुपारी तेच हेलिकॉप्टर सकाळइतकं वजन उचलत नाही. लेहच्या उंचीवर हा फरक म्हणजे एक जखमी जवान कमी आणणं, किंवा रॉकेलचे डबे खाली उतरवून ठेवणं. तापमान दोन अंशांनी वाढणं म्हणजे काय, हे वैमानिकाला किलोत सांगता येतं.

ब्रिटनमध्ये 18 जुलै 2022 ला, त्या ऐतिहासिक उष्णतेच्या लाटेत, ब्राइझ नॉर्टन या हवाई दलाच्या सर्वांत मोठ्या तळावर धावपट्टीचा पृष्ठभाग वितळला आणि विमानं दुसरीकडे वळवावी लागली. थंड देशातली धावपट्टी थंड हवेच्या हिशेबाने बांधलेली होती. अमेरिकेच्या फ्लोरिडात 10 ऑक्टोबर 2018 ला मायकेल चक्रीवादळ टिंडल हवाई तळावरून गेलं. बहुतेक एफ-22 लढाऊ विमानं आधीच उडवून दुसरीकडे नेली होती, पण दुरुस्तीत असलेली विमानं उडू शकत नव्हती. ती हँगरमध्ये राहिली आणि छपरं त्यांच्यावर कोसळली.

टिंडलची गोष्ट वाचताना मला आपलं ओझर आठवलं. ओझरला हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. तिथे विमानं दुरुस्तीलाच येतात. शेजारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिगपासून सुखोईपर्यंत विमानं इथे जुळली आणि 17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क 1ए इथूनच उडालं. सुटं करून ठेवलेलं विमान वादळाची बातमी आली म्हणून उडून जाऊ शकत नाही. ओझरला समुद्री चक्रीवादळ येणार नाही हे खरं. पण निफाडच्या द्राक्षबागा गारपिटीने एका दुपारीत झोपतात, हे ओझरच्या कुंपणापलीकडेच घडतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अवकाळीने बागायतदाराचं जे केलं, ते त्याच्या शेजारच्या हँगरचं करणार नाही असं कोण छातीठोकपणे सांगेल? आमच्या द्राक्षवाल्याने बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालायला सुरुवात केली. त्याला कुणी धोरण लिहून दिलं नव्हतं. पिकाने शिकवलं.

सैन्याने स्वतःचे तळ राखणं, हा झाला निम्मा भाग. दुसरा भाग आपला आहे, आणि तो बोलायला जरा जड जातो.

आपल्याकडे पूर आला की तासाभरात मागणी होते, लष्कर बोलवा. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली, आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दल निघालं. ऑगस्टच्या सुरुवातीला सांगली-कोल्हापूर बुडालं, तिथेही जवान. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा कामगारांना राहण्यासाठीचा तराफा बुडाला, आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या युद्धनौकांनी खवळलेल्या समुद्रातून माणसं उचलली. जुलैमध्ये चिपळूण, पुन्हा जवान. यांतल्या प्रत्येक ठिकाणी जाणं बरोबरच होतं. गणवेशातला माणूस बोटीतून येताना दिसला की घाबरलेल्या म्हातारीचा जीव भांड्यात पडतो, हे काही कमी नाही.

पण ज्या मदतीला शेवटची म्हणून ठेवायचं, ती आपण पहिली करून टाकली आहे. कायद्याने क्रम उलटा आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी आहे. त्याच्या हातातली साधनं अपुरी पडली तर सैन्याला बोलवायचं. आपण साधनं उभीच केली नाहीत तर ती अपुरी पडणारच. मग दरवर्षी तीच धावपळ होते, टाळ्या वाजतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोटी नसतात.

याची किंमत सैन्य मोजतं. 2013 च्या केदारनाथ महापुरात हवाई दलाने सुमारे 20 हजार लोक उचलले. 25 जून रोजी गौरीकुंडाजवळ त्यांचं एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळलं आणि 20 जण गेले. त्यांत हवाई दलाचे, तिबेट सीमा पोलिसांचे आणि आपत्ती प्रतिसाद दलाचे लोक होते. धुक्यात, अरुंद दरीत, दिवसाला कित्येक फेऱ्या करत ते उडत होते. जिथे रस्ता आणि निवारा आधी नीट असता तिथे कदाचित इतक्या फेऱ्यांची गरज पडली नसती.

पैशाचा हिशेबही होतो. 2006 पासूनच्या विमान-हेलिकॉप्टर मदतीपोटी केंद्राने 2024 मध्ये केरळकडे 132 कोटी 62 लाख रुपये मागितले, तेव्हा मोठा संताप झाला. संताप मला समजतो. संकटातल्या राज्याला बिल पाठवणं मनाला पटत नाही. पण त्या बिलातून एक गोष्ट कळते की हेलिकॉप्टर फुकट उडत नाही. तेवढ्या रकमेत राज्याच्या किती गावांत बोटी, दोर, जनरेटर आणि प्रशिक्षित माणसं उभी राहिली असती, हा प्रश्न केरळपुरता नाही.

याहून खोल धोका मला वेगळा वाटतो. सीमा शांत नाही. पूर, वादळ, भूस्खलन यांचा काळ आणि सीमेवरच्या हालचालींचा काळ एकच आहे, कारण खिंडी उन्हाळा-पावसाळ्यातच उघड्या असतात. ज्या ऑगस्टमध्ये सगळ्या राज्यांना एकदम तुकड्या लागतील, त्याच ऑगस्टमध्ये लडाखमध्येही त्या लागल्या तर कोणाला नाही म्हणायचं? ही निवड कुठल्याही सेनापतीच्या वाट्याला येऊ नये.

सुरक्षेचा प्रश्न सीमेवरच असतो हीसुद्धा एक समजूतच. मार्च 2016 मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम 144 लावावं लागलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आपल्या जिल्ह्यात दुष्काळी वर्षी गंगापूर, दारणा, पालखेड धरणसमूहांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की काय वातावरण होतं, ते सांगायची गरज नाही. निफाड-सिन्नरचा शेतकरी आणि मराठवाड्यातल्या पैठण-गंगापूर तालुक्यांचा शेतकरी, दोघांच्याही घरातून पोरं फौजेत गेलेली असतात. मोर्चे निघतात, न्यायालयात धाव घेतली जाते, पाणी नदीत सुटतं ते पोलीस बंदोबस्तात. हा भांडणाचा विस्तव अजून आपण समजुतीने झाकून ठेवला आहे. पाऊस आणखी बेभरवशाचा झाला तर तो झाकला राहील असं समजून चालणं धोक्याचं आहे.

कधीकधी पाणी भांडणाचं मूळच घेऊन जातं. बंगालच्या उपसागरात हरियाभंगा नदीच्या मुखाशी 1970 च्या भोला चक्रीवादळानंतर एक वाळूचं बेट वर आलं. आपण त्याला न्यू मूर म्हटलं, बांगलादेशाने दक्षिण तलपट्टी. दोन्ही देशांनी हक्क सांगितला, 1981 मध्ये आपलं नौदल तिथे पोहोचलं, झेंडा लागला. 2010 मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी उपग्रहचित्रं पाहून सांगितलं, बेट पाण्याखाली गेलं. वाद मिटला म्हणून कुणाला समाधान वाटू नये. ज्या समुद्राने ते निर्जन बेट गिळलं, त्याच समुद्राकाठी सुंदरबनात लाखो माणसं राहतात. ती उद्या कुठे जातील, आणि त्या वेळी सीमेवरच्या जवानाने त्यांना कुठल्या नजरेने बघायचं, याचं उत्तर बंदुकीत नाही.

सैन्याने स्वतः धूर कमी करावा की नाही, याबद्दलही थोडं. जगातल्या फौजांच्या उत्सर्जनाचा हिशेब देणं 2015 च्या पॅरिस करारातही देशांच्या मर्जीवर सोडलं आहे. हे चुकीचं आहे, हिशेब मांडायला हवा. पण सौर पट्ट्या आणि झाडं लावली म्हणजे फौज हवामान बदलाला तयार झाली, असं मात्र मानू नये. 1982 पासून टेरिटोरियल आर्मीच्या पर्यावरण बटालियन मसुरीच्या उजाड डोंगरांपासून काम करत आहेत, आपल्या मराठवाड्यातही महार रेजिमेंटशी जोडलेली अशी बटालियन झाडं लावते. ते काम मोलाचं आहे. सीमेवर सौर वीज हवीच, पण तिचं मला पटणारं कारण वेगळं आहे. लडाखमध्ये जाळलेला प्रत्येक लिटर डिझेल कुणीतरी ट्रकमधून जोजिला चढवून नेलेला असतो, आणि रस्ता वाहून गेला की जनरेटर बंद पडतो. वीज जागेवर तयार झाली तर तेवढे ट्रक आणि तेवढे चालक धोक्याच्या रस्त्यावरून कमी जातात.

आता घरचा विषय. 2 ऑगस्ट 2016 ला गोदावरीला आलेला पूर नाशिककर विसरलेले नाहीत. त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झालं, रामकुंड दिसेना, सराफ बाजारात पाणी शिरलं. आपल्याकडे पुराचं मोजमाप क्युसेकमध्ये कमी आणि रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर जास्त होतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पोहोचलं की वडीलधारी 1969 चा पूर आठवतात. ही मोजपट्टी मला फार प्रिय आहे, कारण ती सगळ्यांना कळते. 2008 च्या पुरानंतर नदीकाठी निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. त्या रेषांच्या आत नंतर काय काय उभं राहिलं, ते गोदाकाठाने एक फेरी मारली तरी दिसतं.

आणि 2027 मध्ये सिंहस्थ आहे. पहिल्या अमृतस्नानाची जाहीर झालेली तारीख आहे 2 ऑगस्ट 2027. त्याच्या बरोबर अकरा वर्षं आधी, 2016 मध्ये, याच तारखेला घाट पाण्याखाली होते. सिंहस्थ आपल्याकडे भर पावसाळ्यात येतो, तिथी बदलता येत नाही. 2003 च्या सिंहस्थात पाऊस-पाण्याचा काही संबंध नसतानाही गर्दीच्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले. त्याच अरुंद गल्ल्यांत लाखो लोक असताना गंगापूरच्या वर घाटमाथ्यावर चार तास ढग फुटला, तर विसर्ग वाढवावा लागेल. पाणी रामकुंडावर पोहोचायला जितका वेळ लागतो, तेवढ्याच वेळात घाट रिकामा करायचा. तेव्हा देवळालीला फोन जाणार हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि देवळालीचे जवान येतीलही. पण तोफखान्याचा प्रशिक्षणार्थी गोदाघाटाच्या कुठल्या पायरीवर शेवाळ आहे, कुठल्या पुलाखाली भोवरा आहे, कुठल्या गल्लीतून म्हातारी माणसं लवकर वर काढता येतात, हे कुठून जाणणार? ते माहीत आहे रामकुंडावरच्या जीवरक्षकांना, घाटावर लहानपणापासून सूर मारणाऱ्या पोरांना, अग्निशमन दलाच्या जुन्या लोकांना.

म्हणून माझं म्हणणं आहे की या माणसांना आधी हाताशी धरा. ‘आपदा मित्र’ ही केंद्राची योजना 350 जिल्ह्यांत 1 लाख स्वयंसेवक तयार करण्यासाठी आखली गेली. कागदावर नाव नोंदवून टी-शर्ट वाटण्यापलीकडे ती जायची असेल तर घाटावरच्या या पोरांना पगारी हंगामी काम, विमा, बोट आणि वायरलेस द्या. पाटबंधारे खात्याचा विसर्गाचा आकडा घाटावरच्या ध्वनिक्षेपकावर मराठी-हिंदीत, मिनिटांच्या हिशेबात सांगा. ‘पंधरा हजार क्युसेक’ हे प्रयागराजहून आलेल्या भाविकाला काय कळणार? ‘दीड तासात या पायरीवर पाणी येईल’ हे कळेल. देवळालीकडून काय हवं तेही आधीच लेखी ठरवा. दळणवळण तुटलं तर लष्कराच्या सिग्नल तुकडीची मदत, रात्री हेलिकॉप्टर कुठे उतरवायचं ती जागा, जखमींसाठी लष्करी रुग्णालयात किती खाटा. बाकी सगळं शहराने स्वतः उचलायचं.

हे सगळं कागदावर नुसतं छान दिसेल. 2026 चा पावसाळा तालमीसाठी मोकळा आहे. जुलैच्या एखाद्या दिवशी गंगापूरमधून खरंच पाणी सोडायचं असतं, त्याच दिवशी घाट खरोखर रिकामा करून बघावा. घड्याळ लावून. जिल्हाधिकारी, आयुक्त आणि देवळालीचे स्टेशन कमांडर तिघांनीही व्हिक्टोरिया पुलावर उभं राहून तो पाहावा, आणि शेवटची म्हातारी वर यायला किती मिनिटं लागली तो आकडा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यावा. सुभेदारसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, पाणी सोडायच्या आधी वरचा पाऊस मोजायला त्र्यंबकच्या डोंगरावर कोण बसणार आहे?